आईने न घेतलेलं नाव

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते मेश्राम मॅडमचे. गडचिरोलीत त्या भूलतज्ज्ञ होत्या. मागच्या महिन्यात कुरखेड्याच्या बसस्टँडवर असताना मला त्या वारल्याचं कळलं. गाडी समोर उभी होती, पण चढावंसं वाटेना...

कॉलेजात असताना माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. मॅडम खाटेजवळ बसल्या. ‘‘मावशी, घरी कोणाले भूल दिल्यावर काही झालं होतं काय?’’ आई म्हणाली, ‘‘नाई.’’ खरं तर माझा मोठा भाऊ हात मोडला तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर भुलेतच गेला होता. मी लहान होतो; मला तापाने गेला म्हणून सांगितलेलं. आमच्याकडे कोणाला दवाखान्यात नेलं की घरातल्या अकाली गेलेल्याचं नाव काढत नाहीत. काढलं तर तो सोबत न्यायला येतो, असं मानतात.

भूल चढताच माझा जबडा आवळला, अंग तापत गेलं. भुलेच्या वायूने एखाद्याच घराण्यात असं होतं, पण जीव जातो. मॅडमनी वायू बंद केला, ऑपरेशन थांबवलं. त्यावरचं औषध नागपूरहून येईपर्यंत अंग थंड ठेवायचं होतं. एवढा बर्फ बाजारात मुलचेऱ्याहून येणाऱ्या बंगाली मासेवाल्यांजवळच मिळाला. त्यातच मला झाकून ठेवलं, असं सिस्टरांनी नंतर सांगितलं.

शुद्धीवर आलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, ‘‘उठला काय रे? आता मासोळीचा वास लवकर जात नाई तुझा.’’ मग आईकडे वळून त्यांनी पुन्हा तेच विचारलं. आईने तेव्हा सगळं सांगितलं. ‘‘अशा वेळी त्याचं नाव कसं काढू, मॅडम? त्यानं यालेही नेलं असतं.’’ मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘मावशी, तो न्यायले नसता आला. त्याच्या नावानंच हा राखला असता. अजून पोरगी आहे तुमची. तिच्या वेळी सांगजा.’’

आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून पेढे घेऊन गेलो, तेव्हाही त्यांनी आधी विचारलं, ‘‘माय बोलली काय रे त्याच्याबद्दल?’’ नव्हती बोलली.

त्या आजारी असताना मी पत्र पाठवलं. त्यांना कोणी वाचून दाखवलं की नाही, माहीत नाही...

‘मॅडम, आज माझ्या बहिणीचं, मंगलाचं सिझर झालं. डॉक्टरांनी विचारायच्या आधीच आई उभी राहिली. म्हणाली, माझा मोठा पोरगा सुरेश भुलेनं गेला, हिले तो वायू देऊ नका. त्यांनी कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली. मंगला बरी आहे, मुलगी झाली. आई बाहेर व्हरांड्यात सुरेशचं नाव घेऊन रडते आहे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आम्ही तिला थांबवलं नाही.’