चौथा सड

डोमाजीच्या गोठ्यात कायदा एकच: म्हशीच्या कासेचे तीन सड माणसाचे, चौथा रेडकाचा. हिंगणीहून बोरगाव मेघेला त्याने सारा जन्म दूध पोचवलं, आधी सायकलवर, मग फटफटीवर. भर उन्हाळ्यात दुधात पाणी घातलंही असेल थोडं, खोटं कशाला बोला! पण रेडकाचं कधी खाल्लं नाही. गिऱ्हाइकं त्याचं तोंड पाहून दूध घ्यायची.

यंदा कंबर धरली आणि धारा काढायचं काम मुलाने, निकेशने, घेतलं. डोमाजीकडे वाटप तेवढं उरलं. कॅन पाण्याविनाच काठोकाठ भरायला लागल्या, अन् रेडकू वाळत चाललं.

"हगवन लागली त्याले," निकेश म्हणायचा. डोमाजीने मानलं. पोटचा पोर, खोटं कशाला बोलेल?

त्या सकाळी तो गोठ्यात डोकावला. रेडकू खुंट्याला आखूड बांधलेलं, तोंडाला मुस्कं, उभंही राहवत नव्हतं. आणि निकेश चौथा सड पिळत बसलेला.

"अबे, हे काय करून राह्यला?"

"बाबा, नर हाय थो. ना दुधाचा ना कामाचा. काऊन पोसाचं त्याले?"

डोमाजीचा शेणामुतात जन्म गेला, कशाची किळस आली नव्हती. आज पोराच्या हाताची आली. मुस्कं काढून त्याने रेडकाला म्हशीकडे ढकललं. पण गिऱ्हाइकं वाट पाहत असतील म्हणून कॅन लादून निघालाच. हाडात मुरलेली सवय, दुसरं काय!

बोरगावात पहिल्याच दारी रुख्माबाईंनी दुधासाठी पितळी गंज पुढे केला. "आजकाल दूध मस्त दाट येऊन राह्यलं जी! असंच आनजो."

कॅनमध्ये बुडवलेलं माप वर येईना.

"नाई देत बाई. चोरीचं हाय."

तो तसाच माघारी फिरला. भरली कॅन घेऊन गोठ्यात शिरला, तर रेडकू म्हशीच्या पायाशी आडवं. त्याने दुधात बोट बुडवून त्याच्या तोंडात घातलं. जीभ गार होती.

निकेश मागे येऊन उभा राहिला. "चामडं फेकाचं नाई, बाबा. भुसा भरून म्हशीपुढे उभं करू. नाई तं पान्हा सोडनार नाई थे."

थू! डोमाजीला ओकारी आली. तोंड पुसून तो म्हणाला, "भर. अन् मी मेलो का माह्या कातड्यातबी भर भुसा. फटफटीवर बसवून बोरगावले नेजो. माहं तोंड पाहूनच दूध घेते ना लोकं."