राहिलेल्या नऊ ओळी

आधीच माफी मागतो. आधुनिक कवितेवर लिहिणारा मी कोण? आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. यमक नसलं तरी कविता असू शकते, हे मला कॉलेजात आल्यावर कळलं. कळल्यावर मात्र मी थांबलो नाही. वर्गातल्या एका मुलीवर बावीस ओळी लिहिल्या. त्यात ती होती, मी होतो आणि साकीनाका होतं, कारण बाबा तिथल्या वर्कशॉपात लेथ मशीन चालवतात आणि दुसरं जग मला ठाऊक नव्हतं.

ती कॉलेजच्या भित्तिपत्रकाची संपादक होती. "भिंतीवर लावायला" म्हणून कविता तिलाच दिली. यापेक्षा धाडसी मार्ग मला सुचला नाही.

तिने वाचली आणि लाल पेन काढलं.

"यातली ही मुलगी कोण रे?"

"अशीच... कुणीही."

"कुणीही असेल तर काढू या ना?"

"काढ."

बाबांचा धडा एकच होता: ड्रॉइंगवर साहेबाने खूण केली की तेवढं कापायचं, वाद घालायचा नाही. मी दर सोमवारी कविता कापून आणत गेलो. तिच्या डोळ्यांवरची ओळ गेली. वाकोल्याच्या बसस्टॉपवर तिने माझी बाही ओढली होती, ती ओळही गेली. ती प्रत्येक वेळी विचारायची, "हेही काढू? नक्की?" मी मान डोलवायचो, वर आभार मानायचो.

शेवटी नऊ ओळी राहिल्या: पत्रे, धूळ, मशीन, मेट्रोचे खांब. त्या भिंतीवर लागल्या. सर म्हणाले, "शाब्बास! शहराच्या बदलावर नेमकं बोट ठेवलंस." बाबांना मोबाईलवर फोटो दाखवला. "मशीनचं बरोबर लिहिलंयस," ते म्हणाले. "पण हे सांगतोयस कुणाला?"

पुढे ती एम.ए.ला पुण्याला गेली. मी आता ज्युनियर मुलांना सांगतो की कवितेत प्रेम आडून सांगावं. मुलं वहीत लिहूनही घेतात.

गेल्या आठवड्यात घाटकोपरला झेरॉक्सच्या दुकानात तिची मैत्रीण भेटली. बोलता बोलता त्या कवितेचा विषय निघाला.

"येडा आहेस तू," ती म्हणाली. "तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दर सोमवारी वाट बघायची बिचारी, की आज तरी हा म्हणेल, ही ओळ राहू दे."