बिनमेढीचा मांडव

माझ्या लग्नात मांडव एका बाजूला बसला, आणि काही वर्षांत नवरा साप चावून मेला. लोकांनी दोन्ही गोष्टी एकाच दोरीत ओवल्या. खरं कारण एवढंच, की आमचं अंगण खडकाचं. वीतभर खणलं की पहार ठणठणते, आणि मांडवाच्या मेढी त्यात घट्ट रोवल्या जात नाहीत. पण खडकाला कोण दोष देतो? मी माहेरी परत आले आणि गोठ्यालगतच्या खोलीत राहू लागले.

धाकट्या बहिणीचं डोणगावच्या मुलाशी ठरलं, तेव्हा पुन्हा तोच खडक आडवा आला. नवा महाराष्ट्र होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

मी चौथी शिकलेली. पण मेढीशिवाय मांडव कसा उभा राहील, हे मला शाळेनं नाही, खाटेनं शिकवलं. खाटेची चौकट ढिली झाली की ती तिरकी होते. कोपऱ्यात एक तिरपी पट्टी ठोकली की हलत नाही. म्हणजे चौकोन लोळतो, तिकोन लोळत नाही. मग सगळा मांडवच तिकोनांचा केला तर? अंबाडीचा वाख सोलून घेतला की पिसासारख्या हलक्या काड्या उरतात. त्या बाभळीच्या काट्यांनी जोडून मी पालथ्या टोपल्याएवढा घुमट केला. त्याच्या मधे खांब नव्हता. वर वरवंटा ठेवला. घुमट कुरकुरला, पण बसला नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं तो चुलीत घातला. "काड्या व्हत्या, मले काय माईत," ती म्हणाली. तिला माहीत होतं. मी दुसरा केला आणि बापापुढं ठेवला.

बापानं त्याच्यावर पंजा दाबून पाहिला. "अन् पडला तं?"

"उभा राह्यला तं काय, ते बोला," मी म्हटलं. "उभा राह्यला तं मी आत येईन. बहिणीवर अक्षता टाकीन."

लग्न लागताना विधवेनं मांडवात पाय ठेवायचा नाही, अशी आमच्यात रीत होती. बापानं सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाला, "बिनमेढीचा उभा राह्यला, तं ये."

खऱ्या मांडवासाठी मी बांबूच्या कांबट्या काढल्या. हाताची सालं निघाली. काका, म्हणजे बापाचा थोरला भाऊ, येता-जाता थांबायचा. "काय वं, बुरडीन झाली काय?"

"तुमच्या मेढीईनं माह्या लग्नात काय दिवे लावले?" मी म्हटलं. त्यानं हात उगारला. अंगणात पाव्हणे होते म्हणून खाली घेतला.

तयार घुमट चौघांनी टोपल्यासारखा उचलून अंगणात ठेवला. कडेनं दगड बांधले, वर जुनी धोतरं ताणली. मेढ नाही, खड्डा नाही. काकाला ते खपलं नाही. मुहूर्तमेढीशिवाय लग्न होते काय? त्यानं तेलाच्या रिकाम्या डब्यात माती भरली, तिच्यात उंबराची मेढ खोचली, हळदीकुंकू वाहिलं आणि डबा मधोमध ठेवला. मेढीचा शेंडा घुमटाला टेकतही नव्हता. मधे वीतभर उजेड दिसत होता.

वरात दारात आली तेव्हा वावटळ उठली. धोतरं फुगली, घुमट थरथरला आणि जागच्या जागी राहिला.

"पाह्यलं?" काका वऱ्हाड्यांना म्हणाला. "मेढ व्हती म्हनून."

मी बापाला विचारलं, "बाबा, ते मेढ वर टेकली तरी हाये काय?"

बापानं वर पाहिलं. तो उजेड त्यालाही दिसला. "मेढ हाये नं मांडवात," तो म्हणाला. "मंग बिनमेढीचा कसा झाला?"

मी गोठ्याच्या बाजूला जाऊन उभी राहिले. दोन धोतरांच्या मधल्या फटीतून, एका तिकोनातून अक्षता फेकल्या. त्या काकाच्या पागोट्यावर पडल्या. बहिणीनं मान वर केली नाही. तिला तसं शिकवलं होतं.

पंगतीत एक जाडा वऱ्हाडी उठताना मेढीला धरून उठला. डबा आडवा, मेढ आडवी, वऱ्हाडी वरणात. सगळ्यांनी डोक्यावर हात घेतले आणि घुमट पडायची वाट पाहिली. घुमट पडला नाही. कोणीतरी फिसकन हसलं.

"लगन लागलं," काका म्हणाला. "मेढीचं काम झालं."

त्यानं डबा उचलून उकिरड्याकडे नेला. संध्याकाळी बहिणीची गाडी गेली. तेव्हा बाप गोठ्याकडे आला.

"आता चाल आत. जेवून घे."

मी गेले. भूक लागली होती. डबा होता त्याच जागी पत्रावळ मांडून बसले. बापानं स्वतः गार पोळी आणि वरण वाढलं. वर मात्र पाहिलं नाही.