वहिनीने आत घेतलेलं लिखाण

आमच्या वहिनीशी बोलताना जरा अवघडल्यासारखं होतं, कारण ती तुमच्या डोळ्यांकडे न बघता तुमच्या खांद्यांकडे बघते. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा उतरता आहे हे आईने मला कधी सांगितलं नव्हतं. वहिनीने लग्न होऊन आल्यावर आठव्या दिवशी सांगितलं. नुसतं सांगून थांबली असती तर ती वहिनी कसली! मी दोन दिवस परगावी गेले, तेवढ्यात तिने माझा राखाडी कोट उसवला, खांद्यात भर घातली, बाह्या दोन बोटं आखूड केल्या आणि कोट खुंटीला परत लावून टाकला. कोट अंगावर छान बसायला लागला हे खरं. मला लांब बाह्या आवडायच्या हेही खरं. पण ते मी बोलले नाही आणि तिने विचारलं नाही. अशी आमची तीस वर्षं मजेत गेली.

वहिनीचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. रस्त्याकडच्या खोलीत दोन मशिनं, इस्त्रीचं टेबल, माणसाच्या उंचीचा आरसा आणि दारावर पाटी: ‘नवीन शिवत नाही. असलेलं नीट करून देतो.’ मागच्या दोन खोल्यांत ती आणि दादा राहतात. दादा, म्हणजे माझा भाऊ, शाळेची बस चालवतो आणि घरात शक्यतो कुणाच्या मध्ये पडत नाही. वरच्या खोलीत मी. सव्वीस वर्षं मी कोर्टात टायपिस्ट होते. तिथे आमचा एकच नियम होता, कानावर पडेल ते कागदावर. समोरचा साक्षीदार धडधडीत खोटं बोलत असला, तरी त्याचं खोटं एकही चूक न करता स्वच्छ टाइप करायचं. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे, थोडा कमी झालाय एवढंच. का ते सांगते.

दुकानाखेरीज वहिनी आठवड्यातून तीन दुपारी शिवणशाळेत शिकवायची. तिथल्या मुख्य बाई निवृत्त व्हायच्या होत्या. आपल्यामागे वहिनीनेच वर्ग सांभाळावा असं त्यांनी चारचौघांत बोलूनही दाखवलं होतं. अडचण एकच. त्या जागेला पदवी लागते आणि वहिनीची पदवी पाच विषयांवर अडकलेली होती. लग्नाच्या धांदलीत शेवटचं वर्ष सुटलं ते सुटलंच. इतिहास, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, पर्यावरण आणि तत्त्वज्ञान. चोपन्नाव्या वर्षी तिने घरबसल्या शिकवणाऱ्या कॉलेजात नाव घातलं आणि संध्याकाळी मला हाक मारली.

“वन्सं, तुमची बोटं रिकामीच असतात ना हल्ली?”

मी तिच्याहून तीन वर्षांनी लहान, तरी ती मला पहिल्या दिवसापासून ‘तुम्ही’ म्हणते. फक्त फार चिडली की ‘तू’ वर येते. मी मात्र तिला लाडाने ‘तू’च म्हणते.

कॉलेजचा सगळा भर चर्चेवर होता. दर सोमवारी संगणकावर एक प्रश्न यायचा. बुधवारपर्यंत आपलं उत्तर टाकायचं आणि रविवारपर्यंत दोन सहाध्यायांना प्रत्युत्तर द्यायचं. यात पास झालं नाही तर परीक्षेलाच बसता येत नाही. ज्यांच्याशी चर्चा करायची त्यांची तोंडंसुद्धा दिसत नाहीत, हे वहिनीला फार खटकायचं. “माणूस समोर नाही आणि त्याच्याशी वाद घाला म्हणे!”

पण काम हातात घेतलं की ती नीटच करते. मी प्रश्न छापून द्यायची. ती तो कागद कापायच्या टेबलावर पसरायची, कानामागची पेन्सिल काढायची आणि त्याचे भाग पाडायची. “हा दिसायला एक प्रश्न आहे, पण बघा, यात तीन आहेत. ‘कारणं सांगा’ हे एक, ‘तुलना करा’ हे दुसरं, आणि शेवटी हळूच ‘उदाहरण द्या’ घुसवलंय. लोक हे तिसरं विसरतात, बाही लावायची राहून जाते तसं.” मग प्रत्येक भागाला एकेक चिठ्ठी, चिठ्ठीवर मुद्दे आणि चिठ्ठ्या टाचणीने कागदाला टाचलेल्या. माझ्यापुढे यायचा तो टाचण्यांनी भरलेला कागद. ती सांगायची, मी टाइप करायची. माझी बोटं किती वेळा टोचली ते विचारू नका.

विषय कुठलाही असो, वहिनी दुकानाबाहेर पडायचीच नाही. संख्याशास्त्रात सरासरीवर प्रश्न आला. तिने रॅकवरच्या चाळीस शर्टांची मापं घेतली, सरासरी काढली आणि त्या मापाचा शर्ट चाळिसांतल्या फक्त दोघांना बसला असता हे आकड्यांनिशी दाखवून दिलं. मानसशास्त्रात स्मरणशक्तीचा विषय निघाला. तिने लिहिलं, की पँट देताना स्वतः सांगितलेली उंची गिऱ्हाईक चार दिवसांत विसरतं आणि नवीच उंची शपथेवर सांगतं, म्हणून मी पावतीवर सही घेते. पर्यावरणात चिंध्यांचं वजन केलं. शेवटी कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंनी लिहिलं, ‘उत्तरं चांगली असतात, पण प्रत्येक उत्तरात कापड का येतं?’

वहिनी म्हणाली, “त्यांना म्हणावं, मी कापडावरच बसून लिहिते.”

मी तेही टाइप केलं. गुण कमी झाले नाहीत.

घोडं अडलं ते प्रत्युत्तरांपाशी. ‘वाचलं. छान लिहिलंय.’ एवढंच ती सांगायची आणि एवढंच मी टाइप करायची. पाचापैकी एक गुण. चार विषय असे कसेबसे काठावर निघाले. पाचव्याला, तत्त्वज्ञानाला, बाईंनी आधीच बजावलं: ‘नुसतं कौतुक म्हणजे चर्चा नव्हे. सहाध्यायाच्या मांडणीत काय कमी आहे, काय सुधारता येईल, ते दाखवा.’

“असं होय!” वहिनीचा चेहरा उजळला. “मग आधी नाही का सांगायचं? हे तर मी रोज करते.”

त्या आठवड्याचा प्रश्नही जणू तिच्यासाठीच काढलेला होता. दुरुस्त करत करत एखाद्या वस्तूचा प्रत्येक भाग बदलला, तर ती तीच वस्तू राहते का? वहिनीने एका म्हाताऱ्या पोस्टमनच्या कोटावर लिहिलं, ज्याचं तिने बावीस वर्षांत अस्तर, बाह्या, कॉलर, सगळं बदललं होतं आणि तरी तो पोस्टमन अजून त्याला ‘माझ्या लग्नातला कोट’ म्हणतो. मग तिने सहाध्यायांची उत्तरं मागितली. त्यातलं एक दातांच्या दवाखान्यातल्या एका मदतनीस मुलीचं होतं. तिच्या वडिलांचे सगळे दात काढून कवळी बसवली, त्यावर तिने लिहिलं होतं. लांबलचक, पसरट, एकच गोष्ट तीनदा सांगणारं.

वहिनीचे हात शिवशिवायला लागले. “माल चांगला आहे हो पोरीचा, पण किती ढगळ!” म्हणत तिने कागदावर खुणा केल्या. इथून आत, इथे कापा, हा तुकडा वर घ्या. अर्ध्या तासात तिने त्या मुलीचं उत्तर तिच्याच शब्दांत निम्म्यावर आणलं आणि मला सांगितलं. मी टाइप केलं. ही वाक्यं त्या मुलीची आहेत, हे मला पहिल्या ओळीलाच कळलं होतं. पण मी टायपिस्ट. मी कशाला बोलू?

मंगळवारी कॉलेजच्या बाईंचं पत्र आलं. ‘आपण प्रत्युत्तर म्हणून दिलेलं लिखाण सहाध्यायाच्या लिखाणाची नक्कल असल्याची तक्रार आली आहे. शुक्रवारपर्यंत खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास आपणास या विषयात अनुत्तीर्ण ठरवलं जाईल.’ तक्रार त्या मुलीचीच होती. तत्त्वज्ञान गेलं की पदवी गेली, आणि पदवी गेली की शिवणशाळेची जागा दुसऱ्या कुणाला. मुख्य बाई काही वर्षभर थांबणार नव्हत्या.

वहिनीने पत्र दोनदा वाचलं. “नक्कल? म्हणजे मी चोर?”

इथे एक सांगायला हवं. तिच्या दुकानात एक पत्र्याचा डबा आहे. गिऱ्हाइकांच्या खिशांत सापडलेलं काहीही, सुटं बटण, किल्ली, अर्धी पेन्सिल, सगळं ती नाव लिहिलेल्या पाकिटात घालून त्या डब्यात ठेवते आणि माणूस येईपर्यंत सांभाळते. अशा बाईला चोर म्हटलं तर काय होणार? ती मशिनवर बसली आणि चांगली शिवलेली एक शिवण उसवत राहिली. दादाने दारातून डोकावून पाहिलं आणि आल्या पावली परत गेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “वहिनी, मला माहीत होतं. टाइप करतानाच कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

‘तू’ आलं. तीस वर्षांत चौथ्यांदा.

“कोर्टाची सवय. सांगतील ते लिहायचं.”

“हे काय कोर्ट आहे? मी तुला हात म्हणून नाही बोलावलं, माणूस म्हणून बोलावलं!”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण ती म्हणत होती ते बरोबर होतं. रात्रभर रडत वगैरे बसले नाही, मी त्यातली नाही. सकाळी कोर्टाच्या भाषेत फक्कड खुलासा तयार केला: ‘प्रस्तुत अर्जदार सत्यप्रतिज्ञेवर नमूद करते की…’ वहिनीने तो वाचून बाजूला ठेवला. “यात मी कुठेय?”

“मग तू सांग. आणि या वेळी पटलं नाही तर मी बोलेन.”

तिने आधी बाईंची कशी चूक आहे ते सांगायला सुरुवात केली. ‘सुधारा’ म्हणाल्या म्हणून सुधारलं, वगैरे. मी बोटं उचलून घेतली. “हे मी नाही टाइप करणार. तू या मुलीला विचारलं होतंस का, कुठे घट्ट होतंय, कुठे सैल?”

वहिनी आरशाकडे बघत राहिली. त्याच्यासमोर रोज माणसं उभी असतात आणि ती त्यांच्याभोवती टाचण्या घेऊन फिरते. मग तिने खुणा केलेला तो कागद काढला, पुन्हा वाचला आणि एका वाक्यावर बोट ठेवलं. ‘त्या दिवशी बाबा आरशात बघून हसले नाहीत.’ यावर तिने काट मारली होती, शेजारी लिहिलं होतं, ‘संबंध नाही.’

“वन्सं,” ती म्हणाली, “लिहा.”

मग तिने जे सांगितलं ते मी टाइप केलं, आणि या वेळी मुद्दाम वाचत वाचत केलं. ‘मी कपडे दुरुस्त करते. दुरुस्तीला आलेला कपडा गिऱ्हाइकाचाच असतो आणि गिऱ्हाइकालाच परत जातो, म्हणून हे चोरणं आहे असं माझ्या मनातही आलं नाही. पण मी दुकानात जे कधी करत नाही ते इथे केलं. माणसाला समोर उभं न करता कात्री चालवली. त्याबद्दल या मुलीची माफी मागते. खुणा केलेला कागद सोबत जोडला आहे. त्यात मी तिचं एक वाक्य कापलं. आता वाटतं, ते कापायला नको होतं. मुली, तुझे बाबा आरशात बघून का हसले नाहीत?’

खुणांसकट कागदाचा फोटो काढून आम्ही तो जोडला, खुलासा बाईंना पाठवला आणि त्या मुलीच्या उत्तराखाली, सगळ्यांना दिसेल असा, चर्चेतही टाकला. उरलेला बुधवार तसाच गेला. गुरुवारी वहिनीने गिऱ्हाइकाच्या पँटचा उजवा पाय दोनदा आखूड केला आणि डाव्याला हातच लावला नाही.

शुक्रवारी त्या मुलीचं उत्तर आलं. तिने लिहिलं होतं: ‘मी फार चिडले होते. तुम्ही लिहिलेलं माझ्यापेक्षा चांगलं होतं म्हणून जास्त चिडले. बाबा हसले नाहीत, कारण आम्हा सगळ्यांना ते पहिल्यासारखेच दिसत होते आणि त्यांना स्वतःला आरशात कुणी दुसराच माणूस दिसत होता. ती वस्तू तीच आहे का, हे बाहेरून बघणाऱ्याने ठरवायचं की तिने स्वतः? मला खरं म्हणजे एवढंच विचारायचं होतं. तीन पानं लिहूनही विचारता आलं नाही. तुम्ही विचारल्यावर आलं.’

तिच्याखाली आणखी सहा जणांनी लिहिलं. सगळ्यांच्या खाली बाईंची ओळ: ‘तक्रार मागे घेतली आहे. पहिल्या प्रत्युत्तराला शून्य. खुलाशाच्या शेवटी विचारलेल्या प्रश्नाला पाचापैकी पाच.’

“शून्य योग्यच आहे,” वहिनी म्हणाली आणि उठून त्या पँटचा डावा पाय करायला घेतला.

परीक्षा झाली, निकाल लागला, पदवीचा कागद टपालाने घरी आला. दादाने तो बसमधल्या सगळ्या मुलांना दाखवला, हे आम्हाला त्या मुलांच्या आयांकडून कळलं. मुख्य बाईंच्या निरोपाच्या दिवशी शिवणशाळेत वर्गाची किल्ली वहिनीच्या हाती द्यायची होती आणि मी बरोबर जाणार होते. म्हणून आदल्या दुपारी राखाडी कोट काढला. तो आता पोटावर आवळत होता. मी खाली गेले आणि नेहमीसारखा तो टेबलावर ठेवून निघाले.

“थांबा,” वहिनी म्हणाली. “घाला तो. इथे उभ्या राहा.”

मी आरशासमोर उभी राहिले. ती टाचण्या तोंडात धरून माझ्याभोवती एक फेरी फिरली, माझ्या उतरत्या खांद्यापाशी थांबली आणि टाचण्या हातात घेतल्या.

“वन्सं, तुम्हाला कसा हवाय हा?”

तीस वर्षांनी विचारलं होतं.

“बाह्या लांब,” मी म्हटलं. “दोन बोटं लांब हव्यात.”

“अगं बाई! मग तेव्हाच बोलायचं नाही का?” म्हणत तिने बाहीची कड उलटी केली. आत दुमडलेलं दोन बोटं कापड तसंच होतं. कापलं नव्हतं तिने. गिऱ्हाइकाचं कापड ती कधीच कापून टाकत नाही, आत ठेवून देते.