आमचे संसारशास्त्री

"पुन्हा वाच. चूक राहिली असेल," असं म्हणून ते चष्मा पुसायला काढत. चूक क्वचितच असे. पण सोलापुरातल्या आमच्या छापखान्यात लेखकाला कोण सांगणार?

सुखी संसार कसा करावा यावर त्यांनी पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. स्वतः पन्नाशी उलटलेले ब्रह्मचारी. तरी नवराबायकोचं बिनसलं की लोक त्यांच्याकडेच धावत.

मुद्रितं तपासताना एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापील कागदावर नजर ठेवायची, ही आमची रीत. नजर लेखकांची, वाचायचं काम शंकरचं. तिशीला टेकलेला, मंद्रूपचा, छपाईचे खिळे जुळवणारा. विरामचिन्हंसुद्धा वाचावी लागत.

"तुमच्यावाचून मला करमत न्हाय, स्वल्पविराम, प्राणनाथ, उद्गारचिन्ह."

"पुन्हा वाच."

शंकर पुन्हा वाचे, जरा हळू. भर दुपारी, मालकांच्या देखत दोघं मनातलं बोलून घेत आणि आम्हां शहाण्यांना वाटे, काय हा काटेकोरपणा! शंकर राहायलाही लेखकांकडेच होता. "दोघांचीही सोय झाली," असं मालक कौतुकानं सांगत.

एकदा शंकरचा मामा त्याला लग्नासाठी न्यायला आला. मालकांनी मामाला थेट संसारशास्त्र्यांपुढं उभं केलं.

"तुमी सांगा की त्याला. तुमचं लई ऐकतो."

ज्या विषयावर ते तासभर व्याख्यान झोडत, तो निघताच त्यांनी चष्मा पुसायला काढला. शेवटी म्हणाले, "शंकर, तुझी इच्छा असेल तर जा बाबा."

"न्हाय जायाचं मला. हितंच बरं हाय."

मामा शिव्या देत गेला. लेखकांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. डोळ्यांत शाई गेली असावी, असं मालकांना वाटलं. मला मात्र सगळं उमगलं, आणि मी गुमान खिळे जुळवत राहिलो.

पुढं पौषात संसारशास्त्री न्यूमोनियानं गेले. पुण्याच्या पुतण्यानं अग्नी दिला. शोकसभेत अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "बिचाऱ्यांना आपलं असं कुणीच नव्हतं." शंकर मागं सतरंजीच्या कडेला मान खाली घालून बसला होता.

दहावा झाल्यावर तो कामावर आला, तो डोक्याचा गोटा करूनच.

"काय रे, तिरुपतीला जाऊन आलास काय?" मालक हसले.

"लई उकडतंय, मालक."

मालकांच्या गळ्यात मफलर होता. मालक आत गेल्यावर मी माझी टोपी काढून शंकरपुढं धरली.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "येवढं तरी दिसू द्या की."