उत्तमदाजींच्या खिशातली चावी

माझे दाजी, म्हणजे राजश्रीताईचे मिस्टर उत्तम, लिफ्टचे मेकॅनिक आहेत. मीरा रोड आणि भाईंदर पूर्वेतल्या एक्केचाळीस इमारतींच्या लिफ्ट त्यांच्याकडे आहेत, आणि ते स्वतः सातव्या मजल्यावरही जिन्यानं जातात. विचारलं तर म्हणतात, "मला आतलं माहीत हाय ना, म्हणून."

शाफ्टमध्ये उतरण्याआधी दाजी विजेचं पॅनल बंद करतात, त्याला कुलूप घालतात, चावी शर्टाच्या खिशात टाकतात आणि खिशाचं बटण लावतात. दोघं कामाला असले तर एक आत आणि एक पॅनलपाशी. दोघं एकदम आत कधीच नाही. आणि आतला माणूस स्वतःच्या पायांनी बाहेर येईपर्यंत चावी कुणालाही द्यायची नाही. सोसायटीचा सेक्रेटरी ओरडो की कंपनीचा साहेब.

हा नियम त्यांनी सदूमुळे केला. सदू त्यांचा जोडीदार. २००१ साली दोघं एका जुन्या लिफ्टवर काम करत होते. सदू केबिनच्या टपावर उभा होता, दाजी ग्रीस आणायला खाली गेले होते. पॅनलवर फक्त पुठ्ठ्याची पाटी होती, 'काम चालू आहे'. एका बाईंच्या हातात जड पिशव्या बघून वॉचमननं मेन चालू केला. चांगल्या मनानं केला. सदूचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. आता तो नवघर रोडवर पीसीओ चालवतो.

२००५ च्या जूनमध्ये ताईला साडेसात महिन्यांतच मुलगी झाली. तिला तेवीस दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. सगळे जण बाळाकडे बघायचे, दाजी प्लगकडे बघायचे. साफसफाई करताना कुणी तो काढला तर? त्यांनी वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं, 'काढू नये. आत मूल आहे.' आणि ते भिंतीला चिकटवलं. नर्स हसल्या, पण कागद कुणी काढला नाही.

अनुष्का घरी आली आणि दाजींची भीतीही तिच्याबरोबर घरी आली. घरातल्या सगळ्या सॉकेटवर टेप. पाळणा पंख्याच्या बरोबर खाली नको, खिडकीजवळ नको, कपाटाजवळही नको. वन रूम किचनमध्ये मग पाळणा ठेवायचा कुठं? तो दारात आला. शेजारच्या शालूबेन रोज पाळण्याला अडखळायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "उत्तमभाई, एवढी भीती वाटते तर काजळाचा टिक्का तरी लाव ना. नजर लागेल पोरीला."

"नजरबिजर मी मानत नाही, बेन," दाजी म्हणाले. "मी अर्थिंग मानतो."

अकरा महिन्यांत अनुष्का डॉक्टरकडे सोडून कुठंही गेली नव्हती. मे महिन्यात ताईला स्क्रू ड्रायव्हर हवा होता म्हणून तिनं दाजींची हत्यारांची पेटी उघडली. तळाला, पान्यांच्या खाली, एक पाकीट होतं. मी तेव्हा तिथंच होते.

"अहो, हे काय?"

"पास."

"कशाचे?"

"ते खाडीकडचं मोठं पार्क नाही का, पाळण्यांचं. एका सेक्रेटरीनं दिले. लिफ्ट वेळेत चालू केली म्हणून."

ताईनं तारीख बघितली. "एकतीस तारखेला संपतायत. मला कधी सांगणार होता? संपल्यावर?"

"हो," दाजी म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नाही.

ताई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पोरगी भाईंदरची आणि तिनं अजून समुद्र बघितला नाही. तिला मी दारातल्या पाळण्यातच मोठी करू का?"

दाजी उठून सदूच्या पीसीओवर गेले. त्यांना वाटलं होतं, सदू तरी आपली बाजू घेईल. सदू म्हणाला, "जा की लेका. मी तर एका पायानं आलो असतो."

दाजींनी दोन दिवसांची रजा टाकली. नोकरीतली पहिली. एक दिवस जायला, आणि एक, ते म्हणाले, काही झालं तर असावा म्हणून.

आम्ही चौघं निघालो. पिशवी दाजींनी भरली होती. तापाचं औषध, थर्मामीटर, दोन टोप्या, छत्री, आणि उकळलेल्या पाण्याचा दीड लिटरचा स्टीलचा थर्मास. "पाणी पार्कात मिळतं हो," ताई म्हणाली. दाजींनी थर्मास बाहेरच्या कप्प्यात कोंबला. स्टेशनच्या पश्चिमेला बस पकडली. राई, मोरवा ही गावं मागं गेली, मिठागरं पांढरीशुभ्र चमकत होती. अनुष्का ताईच्या खांद्यावरून सगळ्यांकडे बघून हसत होती. दाजी ड्रायव्हरच्या ब्रेकचा आवाज ऐकत होते.

पार्कात दाजींनी एकही पाळणा डोळ्यांनी बघितला नाही. ते कानांनी बघत होते. प्रत्येकाजवळ जाऊन उभं राहायचे, डोळे मिटायचे, मान तिरकी करायचे. लोकांना वाटायचं, माणूस प्रार्थना करतोय. मग "नको" म्हणून पुढं. छोटी आगगाडी नको. फिरते घोडे नकोत. दुपारी तीनपर्यंत आम्ही एक आईस्क्रीम खाल्लं होतं आणि सतरा यंत्रं ऐकली होती.

मग आकाशपाळणा आला. मोठा, अगदी संथ. बंद पाळणे, कंबरेच्या वर जाळी. मूल मांडीवर घेऊन बसायची परवानगी आहे असं पाटीवर लिहिलं होतं. ताई पाटीखाली थांबली.

"यात बसणार. वरून समुद्र दिसतो."

दाजींनी डोळे मिटले. सहा पूर्ण फेऱ्या ऐकल्या. आम्ही वाट बघत होतो. शेवटी ते म्हणाले, "आवाज चांगला हाय." त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे खूप.

"चला मग, तुम्हीपण."

"दोघं एकदम आत नाही," दाजी म्हणाले. "मी पॅनलपाशी थांबतो."

"क्षितू, तू?"

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय, पण मला गच्चीच्या कठड्याजवळही उभं राहवत नाही. मी पाण्याची बाटली आणते असं काहीतरी बोलले. ताईनं माझ्याकडे बघितलं आणि पिशवी खांद्याला लावून एकटीच बाळाला घेऊन गेली. अकरा नंबरचा लाल पाळणा. दाराची कडी लागली. दाजींनी ती बाहेरून दोनदा ओढून बघितली.

पॅनलपाशी नीरज नावाचा ऑपरेटर होता. नाव छातीवरच्या बिल्ल्यावर होतं. दाजींनी त्याच्याशी ओळख काढली. "मैं लिफ्टवाला हूँ भाई. ब्रेक कौन देखता है? रोज देखता है?" नीरजही खूश झाला. कुणीतरी त्याच्या कामाबद्दल विचारत होतं. त्यानं दाजींना कठड्याच्या आत, आपल्या शेजारी उभं राहू दिलं. मी कठड्याबाहेर.

पहिली फेरी झाली. ताईनं खाली येताना अनुष्काचा हात हलवून दाखवला. दुसऱ्या फेरीत, अकरा नंबर अगदी वर असताना, आवाज आला.

टक्.

दाजींची मान वळली. मी त्यांच्याकडे बघितलं, ते सेकंद मोजत होते. ओठ हलत होते. पाळणे फिरत राहिले. अकरा नंबर खाली आला, ताई काहीतरी हसून बोलली, परत वर गेला.

टक्. टक्.

या वेळी दोनदा, आणि जास्त मोठा. त्याच वेळी नीरज रांगेतल्या लोकांना मागं सरकवायला दोन पावलं बाजूला झाला होता. दाजींनी लाल बटण दाबलं, पॅनलमधली चावी फिरवली, बाहेर काढली, खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. पाच वर्षं रोज करतात तसं. मला वाटतं, हात थांबेपर्यंत त्यांना आपण काय केलं तेही कळलं नसावं.

चाक थांबलं. अकरा नंबर सगळ्यात वर होता.

आधी एकदम शांत झालं. मग वरच्या पाळण्यांतून ओरडा सुरू झाला. नीरज धावत आला.

"अरे! क्या किया? चाबी किधर है?"

"आवाज आ रहा है. मेरी बीवी ऊपर है. बच्ची ऊपर है."

"तो चाबी दो! उतारता हूँ!"

"पहले चेक करेंगे."

"चेक करने को भी घुमाना पड़ेगा ना भाईसाब!"

दाजींनी तळहात खिशावर दाबून धरला. ते वर बघत होते. लिफ्ट अडकली तर ते शिडी लावतात, दार उघडतात, माणसाला हाताला धरून बाहेर काढतात. इथं शिडी नव्हती. चाकाच्या लोखंडी दांड्यांवरून त्यांची नजर खालून वर चढत गेली, आणि त्यांनी पायांतल्या चपला काढल्या.

"दाजी!" मी कठड्याखालून आत शिरले. "दाजी, चढायचं नाही. ऐका. आवाज एका फेरीत एकाच ठिकाणी येत होता. बेअरिंग असतं तर सारखा आला असता ना?"

"मग?"

"मग चाक ठीक आहे. एकाच पाळण्यातलं काहीतरी आहे."

"कुठल्या?"

मला उत्तर माहीत होतं. ते सांगायला नको होतं असं अजून वाटतं.

"अकराव्या."

दाजींनी पुन्हा वर बघितलं. वर वारा सुटला होता, समुद्राकडचा. लाल पाळणा हलत होता. अनुष्काचं रडणं ऐकू आलं. बारीक, खूप लांबून. आणि मग ते थांबलं. थांबल्यावर मला जास्त भीती वाटली. ताईचा हात जाळीतून बाहेर आला. ती काहीतरी सांगत होती, पण शब्द वाऱ्यानं पलीकडे नेले.

एव्हाना सिक्युरिटीवाले आले होते. एकानं दाजींचा दंड धरला. "इसका पॉकेट खाली करो." दाजींनी एवढ्या जोरात हात झटकला की तो मागं पडला. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. ते कुणावर चिडले नव्हते. त्यांना फक्त एवढंच दिसत होतं की माणसं वर आहेत आणि चावी दुसऱ्याच्या हातात जातेय.

"दाजी," मी म्हणाले, "तिथं सदू नाहीय. ताई आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खिशाच्या बटणाला हात घातला. बटण निघेना, त्यांनी ओढलं. शेवटी ते तुटून जमिनीवर पडलं. चावी मुठीत धरून ते नीरजला म्हणाले, "तुम्हारा बच्चा है?"

"है. गाँव में. अब दो."

दाजींनी चावी दिली. "धीरे."

"एक ही स्पीड है इसकी," नीरज म्हणाला.

चाक हललं. वरून पुन्हा आवाज आला, टक्, टक्, आणि दाजींनी डोळे मिटले. पाळणे एकेक करून खाली येत होते, नीरज माणसं उतरवत होता, उतरणारे दाजींना शिव्या देऊन जात होते. दाजी अनवाणी उभे होते. अकरा नंबर खाली यायला फार वेळ लागला. मी मोजला नाही. मोजायची हिंमत नव्हती.

दार उघडलं. अनुष्का ताईच्या खांद्यावर झोपली होती. ताईनं पिशवी दाराच्या आतल्या कडीला अडकवली होती. बाहेरच्या कप्प्यातला थर्मास पाळणा वाऱ्यानं झुलला की दाराच्या पत्र्यावर आपटत होता. आत्ताही, ताईनं पिशवी काढताना, तो आपटला.

टक्.

दाजींनी थर्मास हातात घेतला आणि परत एकदा पत्र्यावर हलकेच आपटून ऐकला. मग खाली बसले.

पार्कच्या ऑफिसात दाजींनी स्वतःच सांगितलं, चूक माझी. नीरजचा काही दोष नाही, लिहून देतो. त्यांनी लिहून दिलं. साहेबांनी बाळाकडे बघितलं, बरंच सुनावलं आणि आम्हाला गेटपर्यंत सोडलं. ताई एक शब्द बोलली नव्हती.

परतीच्या बसला गर्दी होती. बाळ दाजींच्या कडेवर, एक हात वरच्या दांड्याला. उत्तन गाव सोडल्यावर एका सीटवर बसलेली मोरव्याची म्हातारी म्हणाली, "दे इकरं पोरीला. बस हलतं हाय, परंल ती."

"नको मावशी. सवय नाही तिला."

"तिला न्हाय, का तुला न्हाय?"

आजूबाजूचे हसले. ताई हसली नाही, ती दाजींकडे बघत होती. दाजींनी बाळाला म्हातारीच्या मांडीवर दिलं. अनुष्कानं म्हातारीच्या गळ्यातली माळ पकडली आणि तोंडात घातली. दाजींचा हात पुढं गेला, मग मागं आला.

तेव्हा ताई पहिल्यांदा बोलली. "वर मला पडायची भीती नव्हती."

दाजींनी तिच्याकडे बघितलं.

"तुमचा हात खिशावर दिसत होता. मला वाटलं, हा माणूस चावी द्यायचाच नाही. रात्र होईल, तरी द्यायचा नाही. चावी द्या, हेच मी ओरडून सांगत होते."

"मलापण," दाजी म्हणाले. "तीच भीती होती."

बस मिठागरांजवळून चालली होती. तुटल्या बटणाचा खिसा उघडाच होता, रिकामा. अनुष्का म्हातारीच्या मांडीवर उड्या मारत होती, आणि स्टेशन येईपर्यंत दाजींनी तिच्या फ्रॉकचं टोक दोन बोटांत धरून ठेवलं होतं.