सरदारांची जागा

बंगळुरातल्या चिकपेटेतल्या कृष्णात टांगेवाल्याच्या घोडीला कुणी तट्टू म्हटलं, की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. चंद्री भीमथडीची होती. बुटकी, पण छाती रुंद, मान आखूड, कान इवलेसे आणि खूर असे टणक, की नालाशिवाय दगडाधोंड्यांतून पळावी. भीमाकाठच्या गावठी घोड्या आणि अरबी-तुर्की घोडे यांच्यापासून ही जात निघाली आणि मूठभर चंदीवर मराठ्यांना मुलूखभर घेऊन फिरली. कृष्णातचे पूर्वजही तिच्याच पाठीवरून बंगळुरास आले म्हणे. म्हणे कसलं, आलेच! तो हे ऐकवायला बसला, की दुकानदार गठ्ठे टाकून आत पळायचे.

पण १९९४ साल उजाडलं, चंद्रीचं वय होत आलं आणि तिच्या जातीचा घोडा काही मिळेना. कृष्णातने वरातीतले घोडे पाहिले, शर्यतीचे तबेले धुंडाळले. सगळे उंचेपुरे, परक्या जातींचे. ही गेली की संपलं, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना.

एकदा तो शहराबाहेरच्या पीण्या भागात माल टाकायला गेला, तर कारखान्यांमागच्या माळावर धनगरांचा तळ पडलेला. आप्पाजी धनगराचा घोडा पाठीवर भांडीकुंडी आणि कोंबड्या घेऊन उभा होता. रुंद छाती, इवलेसे कान. कृष्णातने ओळखलं आणि तोंड फिरवून घरी आला.

"अस्सल आहे गं," तो बायकोला म्हणाला, "पण भांडी वाहतो!"

"आणि आपली काय लढाईला जाते?" पुष्पावती म्हणाली. "लुगड्यांचे गठ्ठेच ओढते की. उद्या मुकाट घेऊन जावा तिला त्या घोड्याकडे."

तो मुकाट गेला.

आप्पाजीची एकच अट होती. "घोडी झाली तर तुमची, घोडा झाला तर माझा."

"सरी, कबूल," कृष्णात म्हणाला.

शिंगरू झालं ते नर. कृष्णातचा जीव त्याच्यात अडकला. पण चिकपेटेत ठेवून त्याचा वंश वाढणार कसा? धनगरांकडे त्याच जातीच्या घोड्या होत्या. शिंगराचं दूध तुटलं, पुन्हा धनगरांचा तळ पडला, तेव्हा तो स्वतःच त्याला पीण्याच्या माळावर घेऊन गेला. वाटभर डोळे पुसत होता.

आप्पाजीने शिंगराच्या पाठीवर झोळी टाकली आणि तिच्यात नुकतंच जन्मलेलं कोकरू ठेवलं. ते एका अंगाला कलंडलं. कृष्णातने पुढे होऊन त्याला हलकेच मधोमध सरकवलं.

"स्वल्प सावरून बस रे बाबा," तो म्हणाला, "सरदारांची जागा आहे ती."